मोरीलाही श्वास हवा

दिवाळी हा जसा दिव्यांचा सण, तसाच तो बंद घरे उघडण्याचाही सण. पुण्या-मुंबईस, सोलापुरास, हैदराबादेस पोटापाण्यासाठी पांगलेली माणसे वसुबारसेच्या आगेमागे गावी परततात, गंजू लागलेली कुलपे काढतात, जळमटे झाडतात, तुळशीवृंदावनाला गेरू लावतात. आमच्या धाराशिव जिल्ह्यात तर अशी वर्षातून एकदोनदा उघडणारी घरे गल्लोगल्ली आहेत. पण दार उघडल्यावर स्वागताला प्रथम पुढे येतो तो काही उटण्याचा सुवास नव्हे. न्हाणीघरातून निघालेला एक कुबट, नासक्या अंड्यासारखा दर्प सबंध घर व्यापून बसलेला असतो.

मग फिनेलची बाटली येते. उदबत्त्या लागतात. कोठे उंदीर मेला असेल म्हणून कोणी माळा पालथा घालतो. एवढे करूनही वास हटला नाही, तर शेवटी ठपका येतो तो घरातल्या बाईवर. "न्हाणीघर नीट धुतलेच जात नाही," हे वाक्य सासूबाई स्पष्ट बोलतात, यजमान पुटपुटतात आणि पाहुणे नुसते नाक मुरडून सुचवितात. ती बिचारी पुन्हा खराटा घेऊन घासायला बसते. फरशी लखलखते, दर्प जागच्या जागी!

वाचकहो, आजचा हा लेख त्या खराट्याची सुटका करण्यासाठी आहे. नरकचतुर्दशीला आपण नरकासुराच्या नावाने कारीट फोडतो. पण न्हाणीघराच्या जाळीखाली जो दुसरा नरक असतो, त्याचा बंदोबस्त घासण्याने होत नाही. तो होतो दोन गोष्टींनी: ओंजळभर पाण्याने आणि थोड्याशा हवेने. पाण्याचे काम काय आणि हवेचे काय, हे एकदा समजले म्हणजे अर्धी लढाई जिंकलीच म्हणून समजा.

पाण्याचा अडसर

आपल्या न्हाणीघरातल्या जाळीखाली, हात धुण्याच्या भांड्याखाली, शौचकूपाच्या पोटात, सर्वत्र नळीला एक वाकण दिलेले असते. हत्तीने सोंड वळवावी तशी नळी खाली जाते, पुन्हा वर येते आणि मग पुढे उतरते. त्या वाकणात नेहमी थोडे पाणी साचून राहते. वरून सांडपाणी आले की ते पुढे ढकलले जाते आणि त्याच्या जागी नवे पाणी बसते. हे साचलेले पाणी म्हणजे दाराला आतून लावलेला अडसर. पलीकडे गटार, अलीकडे घर आणि मधे हा पाण्याचा पडदा.

ही युक्ती तशी जुनी. अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने १७७५ साली वाकड्या नळीच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. घड्याळे करणाऱ्या माणसाच्या हातून ही गोष्ट व्हावी याचे मला मोठे कौतुक वाटते. कारण यात ना चाक, ना स्प्रिंग, ना किल्ली. केवळ पाणी आपली पातळी सोडत नाही, एवढ्या एका गोष्टीवर सारा कारभार चालतो.

मराठीच्या अध्यापकाला येथे थोडे थांबावेसे वाटले तर क्षमा असावी. न्हाणीघरातल्या जमिनीत बसविलेल्या या वाकणाला आपले गवंडी 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. हा शब्द केवळ त्यांच्या तोंडी राहिलेला नाही. भारतभर शिकविल्या जाणाऱ्या बांधकामाच्या इंग्रजी पुस्तकांतही तो 'नहाणी ट्रॅप' असाच छापलेला असतो. आपली न्हाणी इंग्रजी पोशाख चढवून साऱ्या देशात फिरून आली, आणि आपल्याच घरात तिच्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नाही!

या अडसराची उंची किती? सामान्यतः ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. सारे गटार आणि आपले घर यांच्यामध्ये उभे आहे ते फक्त दोन इंच पाणी. तेवढे पाणी हलले की दार सताड उघडे.

नळदुर्गाचा वारा आणि तेलाचा डबा

आता हे पाणी हलते कसे? आमच्या जिल्ह्यातल्या मंडळींना ते समजावून सांगणे सोपे आहे. नळदुर्गचा किल्ला आपण पाहिला असेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात बांधावरून नर आणि मादी हे दोन धबधबे कोसळू लागले म्हणजे बघ्यांची रीघ लागते. तेथे पायथ्याशी उभे राहिलेल्या माणसाला तुषारांबरोबर वाराही लागतो. बाहेर पान हलत नसले तरी तेथे पदर फडफडतो. हा वारा येतो कोठून? कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा ओढीत खाली आणते, तोच हा वारा.

आपल्या घराच्या नळीत नेमके हेच घडते. वरच्या मजल्यावर कोणी बादलीभर पाणी ओतले की नळीत एक छोटा नळदुर्ग सुरू होतो. पाणी खाली जाताना हवा ओढते आणि त्याच्या मागे नळीत हवेची ओढ लागते. ही ओढ भागविण्यासाठी हवा कोठून तरी यायलाच हवी. वरून वाट असेल तर वरून येईल. नसेल, तर जेथे अडसर सर्वांत कच्चा तेथून, म्हणजे आपल्या मोरीच्या वाकणातले पाणी ओढून, ती येईल. खाली राहणाऱ्याच्या न्हाणीत जी 'गुडगुड' ऐकू येते ती हीच. ऐकणाऱ्याला वाटते, पाणी छान निघून गेले. प्रत्यक्षात गेलेला असतो तो घराचा पहारेकरी.

आमच्याकडे नळकाम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींनी हेच शास्त्र दोन वाक्यांत सांगितले होते. मी विचारले, "मिस्त्री, वरची ही उघडी नळी कशाला? पाणी तर खाली जाते." ते म्हणाले, "सर, पानी खाली जाताना हवा मागतंय. वरून नाही दिली तर तुमच्या मोरीतून वढून घेतंय."

घरातल्या स्त्रियांना तर हे कोणी शिकवायलाच नको. गोडेतेलाच्या डब्याला एकच भोक पाडले तर तेल डबडब करीत, थांबत, उसळत पडते. समोरच्या कोपऱ्याला दुसरे भोक पाडले की धार कशी सरळ लागते! पहिले भोक तेलाचे, दुसरे हवेचे. सांडपाण्याच्या नळीलाही असेच दुसरे भोक लागते, एवढेच.

ही ओढ फार मोठी असावी लागते असेही नाही. दोन इंच पाणी ओढून नेण्यास वातावरणाच्या दाबात जेमतेम अर्ध्या टक्क्याचा फरक पुरेसा होतो. माणसाला तो जाणवणारही नाही. पण अडसराला जाणवतो.

आकाशाकडे उघडी नळी

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे गच्चीच्याही वर नेलेली उघडी नळी, मिस्त्रींच्या भाषेत व्हेंट पाइप. पूर्वी ही नळी बिडाची असे. (बीड म्हणजे येथे आमचा शेजारी जिल्हा नव्हे, ओतीव लोखंड!) आता ती प्लॅस्टिकची असते. या नळीची कामे दोन. पाणी पडताना बाहेरची हवा आत घ्यायची आणि एरवी आत साचणारा दूषित वायू माणसांच्या नाकापासून उंच, आकाशात सोडून द्यायचा.

उपाय सोपा, पण त्यात दोन अडचणी. पहिली डासांची. मैल्याच्या टाकीत डासांची पैदास होते आणि या नळीतूनच ते गावभर सुटतात. म्हणून आरोग्य खात्याची माणसे घरोघर सांगत येतात, "व्हेंट पाइपला जाळी बांधा." सल्ला अगदी योग्य आहे. पण आपण उत्साही माणसे! जाळीच्या जागी कोणी प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधतो, कोणी चिंध्यांचा बोळा कोंबतो, कोणी सिमेंट थापून कायमची शांतता करतो. डास थांबतात, पण त्याच क्षणी घराचा श्वासही कोंडतो. पुढच्या आठवड्यात न्हाणी गुडगुडू लागते, वास येऊ लागतो आणि बोलणी पुन्हा त्याच बाईच्या वाट्याला येतात.

दुसरी अडचण आमच्या भागातल्या जुन्या घरांची. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे लाकडावर पांढऱ्या मातीचा जाड थर. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी-सास्तूरच्या भूकंपानंतर उमरगा-लोहारा भागात पुष्कळ गावे नव्याने वसली, इतरत्रही स्लॅबची घरे आली. तरी माळवदाची घरे अजून आहेत. अशा घरात मधल्या खोलीला लागून नवे न्हाणीघर काढले, तर वर नळी न्यायची कशी? माळवदाला भोक पाडणे म्हणजे पावसाळ्यात घरात पागोळीला आमंत्रण देणे. शहरातल्या सदनिकेतही तीच तऱ्हा. स्वयंपाकघरातली मोरी एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर हलविली, की तिच्यासाठी गच्चीपर्यंत वेगळी नळी न्यायला वरचे बिऱ्हाडकरू कसे परवानगी देणार?

पेटीच्या भात्यातली झडप

अशा ठिकाणी उपयोगी पडते ती एक छोटी झडप. इंग्रजी नावाचा शब्दशः अर्थ 'हवेला प्रवेश देणारी झडप' असा आहे. दुकानात 'एअर व्हॉल्व्ह' म्हटले की बहुधा कळते, मात्र ती सांडपाण्याच्या नळीसाठी हवी हे आवर्जून सांगावे. थंड देशांत छपरावरच्या उघड्या नळीच्या तोंडाशी आतली वाफ गोठते आणि बर्फाने तोंडच बंद होते. अशाच एका थंड देशात, स्वीडनमध्ये, १९७० च्या दशकात ही झडप पुढे आली. युरोपात २००२ साली तिच्यासाठी स्वतंत्र मानकही ठरले.

तिची रचना समजायला आपल्या घरची बाजाची पेटी पुरे. पेटीचा भाता उघडताना त्याच्या भोकावरची पट्टी उचलली जाते आणि हवा आत येते. भाता दाबला की तीच पट्टी भोकावर घट्ट बसते आणि हवेला त्या वाटेने परत जाता येत नाही. या झडपेतही तसेच आहे. प्लॅस्टिकच्या टोपीखाली एक गोल बैठक आणि तिच्यावर रबराची हलकी चकती. एरवी चकती स्वतःच्या वजनाने बैठकीवर बसून असते, दार बंद. नळीतून पाणी कोसळू लागले, आत ओढ लागली, की बाहेरच्या हवेचा दाब चकतीला उचलतो आणि हवा आत शिरते. ओढ संपली की चकती पुन्हा खाली. उलट आतून वायूचा दाब आला, तर तो चकतीला बैठकीवर अधिकच आवळतो. हवेला आत यायला मुभा, वायूला बाहेर यायला मनाई! वीज नाही, स्प्रिंग नाही. कमिंगच्या वाकणासारखाच हाही निसर्गाच्या नियमावर चालणारा कारभार.

ती बसविण्याचे नियमही थोडे आणि सरळ आहेत. झडप उभी असावी. तिरकी झाली तर चकती नीट बसत नाही. ती वाकणातल्या पाण्याच्या बरीच वर असावी, म्हणजे नळी तुंबली तरी घाण तिच्यात शिरणार नाही. तिला बाहेरून हवा मिळावी. भिंतीत चिणून टाकलेली झडप काही कामाची नाही. आणि हात पोचेल अशा जागी असावी, कारण रबर कधी ना कधी ताठरते, धूळ साचते. आमच्या भागात तर भिंतीवरचे कोणतेही भोक दिसले की कुंभारीण माशी मातीचे घर बांधून मोकळी होते! गोरोबाकाकांच्या तेरचा हा जिल्हा. येथे माश्यांनीही कुंभारकाम करावे हे ओघानेच आले. वर्षातून एकदा झडप पाहावी आणि खराब झाली असेल तर बदलावी.

तिला न जमणारी कामे

झडपेचे गुण गायले, आता मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाही तर लेखकाचे दुकान आहे की काय, अशी शंका यायची.

ती हवा आत घेते, बाहेर सोडीत नाही. म्हणून साऱ्या घराच्या उघड्या नळ्या काढून सर्वत्र झडपाच बसविल्या, तर आतला वायू जाणार कोठे? मैल्याच्या टाकीची स्वतःची उघडी, जाळी बांधलेली, उंच नळी राहिलीच पाहिजे. माळवदाच्या घरात ती परसात भिंतीला धरून उभी करता येते आणि आतल्या मोरीपाशी झडप बसविता येते. दोघी मिळून काम करतात. एक दुसरीची जागा घेत नाही. तसेच उंच इमारतीत वरून आलेले पाणी तळाशी आदळून हवा मागे दाबते आणि खालच्या मजल्यावर वाकणातले पाणी वर उसळते. तेथेही झडपेचा इलाज चालत नाही.

खेड्यांत झालेल्या दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयांचा प्रकार मात्र वेगळा. त्यात पाण्याचा अडसर केवळ २० मिलिमीटरचा असतो, म्हणजे थोड्या पाण्यात काम भागते. आणि वायू खड्ड्याभोवतालच्या मातीत जिरत असल्याने उघड्या नळीचीही गरज पडत नाही. शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपल्याकडेही नळी उभारण्याचा खर्च तेथे करू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वाकणातले पाणी वाळून गेले असेल, तर जगातली कोणतीही झडप ते परत आणू शकत नाही. आमच्या जिल्ह्याचे हेच तर दुखणे. उन्हाळ्याची कोरडी हवा, नळाला दिवसांच्या अंतराने येणारे पाणी, टँकरची वाट पाहणे. पाणी जपण्यासाठी फरशी धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसतात, ते योग्यच. पण मग न्हाणीच्या जाळीत पाणी जात नाही आणि काही आठवड्यांत अडसर वाळून खडखडीत होतो. बंद घरात तर हे हमखास. दिवाळीच्या स्वागताला आलेला तो दर्प बहुधा एवढ्याच कारणाचा असतो.

कोरड्या वाकणाची किंमत किती मोठी असू शकते, हे २००३ साली हाँगकाँगने पाहिले. सार्स या साथीच्या काळात तेथल्या अमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना रोग जडला आणि कित्येक दगावले. तपासात असे पुढे आले, की पुष्कळ घरांतून न्हाणीघराची जमीन धुतली न जाता पुसली जात होती. जमिनीतली वाकणे कोरडी पडली होती. आणि न्हाणीघरातले पंखे हवा बाहेर फेकताना गटारातले दूषित तुषार त्या कोरड्या वाटेने घरात ओढीत होते. घरे गलिच्छ नव्हती, उलट नीट पुसलेली होती. उणे होते ते वाकणातले थोडेसे पाणी.

स्वतःच परीक्षा करावी

तेव्हा वास आला की फिनेलच्या आधी कान आणि डोळे वापरावेत. घर बरेच दिवस बंद होते काय? मग प्रत्येक जाळीत, प्रत्येक मोरीत तांब्या-दोन तांबे पाणी ओतावे, खिडक्या उघडाव्यात, तासाभराने पुन्हा यावे. वास गेला तर खर्च शून्य. पुन्हा घर बंद करताना जाळीत पाणी घालून वर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन दोन चमचे सोडावे. तेलाचा पापुद्रा पाणी लवकर उडू देत नाही.

घर वापरात आहे, पाणी ओतल्यावर वास जातो, पण शौचकूपात पाणी सोडताच न्हाणी गुडगुडते आणि वास परत येतो? मग हवेची वाट बंद आहे. गच्चीवर जाऊन नळीच्या टोकाची पिशवी, बोळा किंवा कबुतराचे घरटे पाहावे. तेथे बारीक जाळी बांधावी आणि ती अधूनमधून झटकावी. जेथे वर नळी नेणे शक्यच नाही, तेथे माहीतगार मिस्त्रींना विचारून झडप बसवावी.

जाळीखालची उपडी वाटी कोणी 'पाणी लवकर जावे' म्हणून काढून फेकली आहे काय? ती वाटी म्हणजेच त्या प्रकारच्या जाळीतला अडसर. ती परत बसवावी. वाकणात पाणी आहे, हवेची वाट मोकळी आहे, तरीही वास आहे? मग कोठेतरी सांधा फुटला आहे आणि तो शोधायला मिस्त्रीच हवेत.

एक गोष्ट मात्र कोणीही करू नये. वासाचे मूळ शोधण्यासाठी मैल्याच्या टाकीत उतरू नये, कोणाला उतरवू नये आणि तोंडाशी काडीही ओढू नये. नासक्या अंड्याचा वास येणारा वायू फार साचला की नाकाची संवेदनाच मारतो. वास थांबला म्हणून माणूस निर्धास्तपणे खाली उतरतो आणि वर येत नाही. कोणाला संरक्षणाशिवाय अशा टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा नसता तरी दिवाळीच्या दिवशी दुसऱ्याच्या घरचा दिवा विझवून आपले न्हाणीघर स्वच्छ करणे कोणास शोभले असते?

बाकी सारे सोपे आहे. दोन इंच पाणी, थोडी हवा आणि गच्चीवर वर्षातून एक फेरी. एवढे करूनही पुढच्या दिवाळीत कोणी पाहुण्याने नाक मुरडलेच, तर सूनबाईंकडे बोट न दाखविता त्याच्या हाती पाण्याचा तांब्या द्यावा आणि न्हाणीघराची वाट दाखवावी.